गेजवाल्या काकांनी बसवलेला काटा

गेज रूममधल्या एका माणसानं मला फसवलं. दिवसाढवळ्या, माझ्याच अंगणात, माझाच चहा पिऊन फसवलं, आणि त्यापायी फॅक्टरीच्या साहेब लोकांना ने-आण करण्याचं काम माझ्या हातातून गेलं. लढाईचं वर्ष होतं. पैसा मी पुढे दुसरीकडेही मिळवला, त्याचं मला काही नाही. पण त्या कामाला मान होता. ज्या फाटकाबाहेर मी तरुणपणी फुटक्या लाकडी खोक्यांचा लिलाव सुरू व्हायची वाट पाहत उन्हात उभा राहिलो, त्याच फाटकातून माझी गाडी आत जाणार होती आणि ती मी चालवणार होतो. दरवान दोन्ही पल्ले उघडणार होता. ते राहून गेलं.

ज्यांनी फसवलं ते आता हयात नाहीत. म्हणून त्यांच्याबद्दल चांगलं बोला, असं मला घरातूनच सांगितलं जातं. जे चांगलं होतं तेही सांगतो. मी मालात खडे मिसळत नाही.

आम्ही सगळे त्यांना गेजवाले काका म्हणत असू. जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात माझ्या घरापासून तिसरं घर त्यांचं. मूळचे अमरावतीकडचे, पण वडिलांपासून नोकरी इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत. ज्यांनी फॅक्टरी आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एखाद्या भागाला पाडलेलं छिद्र बरोबर आहे की नाही हे पाहायला पोलादाची एक दुतोंडी कांडी असते, तिलाच गेज म्हणतात. तिचं एक तोंड छिद्रात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. पहिल्याला 'गो' म्हणतात, दुसऱ्याला 'नो-गो'. या कांड्याच मुळात बरोबर आहेत की नाहीत हे तपासण्याचं काम काकांचं. म्हणजे तपासणाऱ्यांना तपासणारे. असं काम माणसाला पार बिघडवून टाकतं. रिटायर होईपर्यंत त्यांचा असा ठाम समज झाला होता की जगात जे काही आहे ते थोडं कमी किंवा थोडं जास्त आहे, आणि हे सांगायलाच देवानं त्यांना कांचघरात पाठवलं आहे.

माणसांनाही ते दोन्ही तोंडं लावून पाहत. मोहल्ल्यात नवीन बिऱ्हाड आलं की दोन-चार दिवसांत निकाल लागे. "गो," म्हणत, किंवा नुसतीच मान हलवत. माझ्याबद्दल त्यांनी एकदा गणपतीच्या आरतीला जमलेल्या माणसांत सांगितलं, "शेठमध्ये दोन्ही तोंडं जातात." लोक हसले. कौतुक असेल असं समजून मीही हसलो. दोन्ही तोंडं गेली तर तो माल भंगारात टाकतात, हे मला नंतर कळलं. आणि त्या फॅक्टरीचं भंगार मीच उचलत होतो.

सरकारनं शेर, गज आणि मैल काढून किलो, मीटर आणि किलोमीटर आणले तेव्हा साऱ्या जबलपुरात एकच माणूस आनंदी झाला. बाकी आम्ही सगळे वैतागलो. काकांच्या अंगात मात्र नवा जीव आला. बंडीच्या खिशात पोलादी पट्टी असायचीच, तिच्या जोडीला आता ग्रॅमचं छोटं वजन आलं. घमापुरच्या बाजारात भाजीवालीजवळ उभे राहून ते म्हणत, "अढ़ाई सौ ग्राम भिंडी देना."

ती म्हणे, "पाव भर बोलो ना बाबूजी."

"पाव भर नहीं. अढ़ाई सौ ग्राम. पुराने पाव सेर में और इसमें सत्रह ग्राम का फरक है."

"तो सत्रह ग्राम में कितनी भिंडी आती है?"

काका खरंच मोजायला बसत. भेंडी-भेंडीत फरक असतो, म्हणून लहान, मध्यम आणि मोठी अशी वेगवेगळी. मागे गिऱ्हाइकांची रांग लागे. शेवटी ती बाई दोन भेंड्या त्यांच्या पिशवीत कोंबून हात जोडत असे. मी हे पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, हा माणूस भाव करायचा सोडून माप करतो आणि तरी दोन भेंड्या जास्त घेऊन जातो. त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल आदर होता, हे मी कबूल करतो.

त्यांच्या मुलीला नागपूरचं स्थळ आलं तेव्हाचं तर सगळ्या मोहल्ल्याला पाठ आहे. मुलाकडच्यांनी उंची पाच फूट सहा इंच कळवली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि काकांनी मुलाला दाराच्या चौकटीपाशी उभं केलं. पेन्सिलीनं खूण केली, पट्टी लावली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पाच सेंटिमीटर कमी भरतात." मुलाचे वडील उठले. आई म्हणाली, "आम्ही काही कापड विकायला नाही आलो." मोडलंच होतं सगळं. तेवढ्यात मुलगी आतून बाहेर आली, स्वतःच चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मलाही मोजा. तुम्ही त्यांना काय कळवलं होतं?" काकांनी मोजलं. तीही कमीच भरली. काका जरा विचारात पडले आणि म्हणाले, "दोन्हीकडे चूक सारखीच आहे. मग जोडी बसते." लग्न झालं. चांगलं झालं.

लढाई लागली तेव्हा रात्रीचा ब्लॅकआउट आला. खिडक्यांना खाकी कागद, गाड्यांच्या दिव्यांना वरून काळा रंग. काका संध्याकाळ झाली की गल्लीत फिरून कुणाच्या खिडकीतून किती फट दिसते ती पट्टीनं मोजत. "तुमची फट चार मिलीमीटर हाय," ते दारातून सांगत. "विमानातून दिसते." एकानं विचारलं, "काका, तीन मिलीमीटर केली तर नाही दिसत काय?" काकांनी उत्तर दिलं, "तीनला शंका राहते." असा माणूस. असा माणूस कुणाला फसवेल असं कोणाच्या स्वप्नात तरी येईल काय?

आता माझी गाडी. रेल्वेतला एक गोरा ड्रायव्हर कुटुंबासकट कायमचा परदेशी निघाला होता, त्याच्याकडून मी ती घेतली. काळी, जुनी, विलायती, पुढून गोल. किंमत मी काट्यावरून पाडली. गाडी चालू केली की मीटरचा काटा असा नाचे की तीसवरून सत्तरवर आणि सत्तरवरून तीसवर. मी त्या ड्रायव्हरला म्हटलं, "ज्या गाडीला आपण किती पळतो हे माहीत नाही, तिला मी काय म्हणून घेऊ?" तो घाईत होता. मी घाईत नव्हतो. सौदा झाला. जाताना त्यानं बॉनेटवर हात ठेवून सांगितलं, "इसको पचास पे रखना. पचास इसकी इज्जत है." हे मी लक्षात ठेवलं.

सकाळच्या पाळीला चार जणांना मी फॅक्टरीला सोडत असे. मागे तिघे, पुढे एक. त्या काळात बाकी लोक सायकलींच्या लोंढ्यात भोंग्याच्या धाकानं पळत असत आणि माझे चौघे मोटारीतून उतरत. आता काटा तीस ते सत्तर नाचतो तर पन्नास कसं ओळखायचं? माझा नियम सरळ होता. घेताना मी कायम खालचा आकडा धरतो. इथेही खालचाच धरला. नाचता-नाचता काटा खाली येईल तेव्हा पन्नासला टेकला पाहिजे, तोपर्यंत पाय दाबायचा. घमापुरच्या पुढे रस्ता मोकळा झाला की गाडी अशी सुटे की मागच्या तिघांचे डबे वाजत. फोर्ज शॉपमधला, तापलं लोखंड ठोकणारा एक धिप्पाड माणूस मागे मधोमध बसायचा. तो रोज डोळे मिटून घेई. मी समजलो, रात्रीची झोप पुरी करतो.

एकदा बायकोला ग्वारीघाटावर नर्मदेला नेलं. परत येताना ती टांग्यातून आली. म्हणाली, "मला हवा बाधते." मी म्हटलं, बाधत असेल.

मग एका रविवारी काका आमच्या अंगणात आले, गाडीला प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरले आणि म्हणाले, "शेठ, हा काटा असा नाचून राहिला, तुम्हाला झोप कशी येते?"

"तुम्ही नीट करा," मी म्हटलं. "घ्याल काय?"

"पुढची सीट. रोज फॅक्टरीपर्यंत."

"पुढची सीट स्टोअरच्या बाबूची आहे. मागे घ्या."

"मागून काटा दिसत नाही. मी नीट केलेला काटा मला दिसला पाहिजे."

तासभर घासाघीस झाली. पावसाळ्यात पुढे स्टोअरचे बाबू, उन्हाळ्यात काका, असं मी सुचवलं. ते हलले नाहीत. शेवटी बाबूंना मागे ढकललं आणि काकांना पुढे घेतलं. मला वाटलं, फुकटात काम झालं. आता वाटतं, त्याच वेळी मला शंका यायला हवी होती. एका सीटपायी ते इतके कधीच अडून बसले नव्हते.

काम मात्र त्यांनी असं केलं की घमापुरच्या मिस्त्र्यांनी हात जोडावेत. त्यांच्यातल्या एकानं तर आधी मीटरमध्येच तेल ओतलं होतं. काकांनी चाकाकडून मीटरकडे येणारी तार नळीतून ओढून काढली. रॉकेलनं पुसली, अंगणातल्या फरशीवर ठेवली आणि तळहातानं लाटली. जिथं तार टुणकन उडे तिथं बोट ठेवून म्हणत, "इथं वाकली. काटा नाचत नाही शेठ, तार नाचते. काट्याला उगाच बदनाम केलं." ती तार त्यांनी फेकून दुसरी आणवली. तिला काळ्या भुकटीचं ग्रीस बोटानं इतकं पातळ लावलं की लावलं की नाही ते कळू नये. वरचा वीतभर भाग कोरडाच ठेवला. "इथं लावलं तर ग्रीस वर चढते आणि मीटर ते पिते." डॅशबोर्डच्या मागे नळी कुणीतरी सुतळीनं आवळून बांधली होती, ती सोडली आणि तिला मोठं, सैल वळण दिलं. मग मीटरच खोलून घरी घेऊन गेले. आतलं तेल धुवायचं आहे म्हणाले.

चार-आठ दिवसांनी मीटर आलं. पांढरी स्वच्छ तबकडी, काळे नवे आकडे, असे सुबक की छापलेले वाटावेत. आणि पूर्वी आकडे ऐंशीला संपत होते, ते आता एकशे तीसपर्यंत गेले होते.

मी विचारलं, "हे काय काका?"

"नवीन तबकडी. मीच काढली."

"ऐंशीच्या जागी एकशे तीस! वा काका. वरकड दिलं तुम्ही."

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "घ्या," म्हणाले.

हा शब्द लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकत नाही.

काटा असा चालायला लागला की देवघरातल्या समईची ज्योत हलेल, पण तो हलू नये. पाय दाबला की हळूच वर चढे आणि पन्नासवर जाऊन उभा राही. मी पाय तिथेच धरून ठेवत असे. बाजूला काका हात मांडीवर ठेवून काट्याकडे पाहत बसत, जसं काही देवदर्शनच. मागचे चौघे रोज म्हणत, "भाऊ, काय पळून राहिली गाडी!" फोर्जवाला आता डोळे उघडे ठेवून सीटची पाठ धरी आणि ओरडे, "भाऊ, हळू! लेकरंबाळं हायेत मले!" मला बरं वाटे. फक्त एक गोष्ट मला तेव्हा समजली नाही. हे लोक आता रोज लवकर निघायला सांगत. कधी थंडी आहे म्हणून, कधी लढाईमुळे रस्त्यात ट्रकांची रांग लागते म्हणून. सायकलवाले कधी कधी बाजूनं घंटी वाजवत पुढे जात. मी म्हणे, लढाईनं लोकांच्या पायात जोर आला आहे.

आणि मग ते काम आलं. फॅक्टरीत रात्रंदिवस काम चालू झालं होतं, बाहेरून साहेब येत, आणि फॅक्टरीच्या स्वतःच्या गाड्या पुऱ्या पडत नव्हत्या. गाड्यांचं काम बघणारे बडे बाबू माझ्या ओळखीचे होते. त्यांनी सांगितलं की एक मोठे साहेब शहरात जागा नाही म्हणून दूर, शहराबाहेर बरगीकडच्या बंगल्यावर उतरले आहेत. त्यांना सकाळी दुसऱ्या भोंग्याच्या आत फाटकावर आणायचं. भोंगा झाला की फाटक बंद, मग तो कोणी का असेना. हे नीट झालं तर लढाई संपेपर्यंतचं काम तुमचं. "साढ़े आठ बजे निकल जाना सेठ," बडे बाबू म्हणाले.

मी म्हटलं, "बडे बाबू, साहब को नींद लेने दीजिए. मेरी गाड़ी को इतना टाइम नहीं लगता. नौ बजे निकलेंगे."

मी नऊला निघालो. साहेब पुढेच बसले. टाय बांधलेला, मांडीवर चामड्याची बॅग. मी काटा पन्नासवर नेला आणि तिथे ठेवला. सुरुवातीला साहेब शेतं पाहत होते. मग घड्याळ पाहायला लागले.

"स्पीड क्या है आपकी?"

"पचास, साहब. पचास से नीचे मैं चलाता नहीं."

तेवढ्यात मागून भोंपू वाजला आणि एक बस आम्हाला ओलांडून गेली. टपावर बकऱ्या होत्या. एका बकरीनं वळून आमच्याकडे पाहिलं.

"पचास में ये हमें कैसे काट गई?"

"ये बसवाले पागल हैं साहब. सौ पे चलाते हैं."

"सौ? बकरियों के साथ?"

साहेब वाकले. खिशातला रुमाल काढून त्यांनी मीटरची काच पुसली आणि तबकडीच्या तळाशी, जिथे मी कधी पाहिलंही नव्हतं, तिथे बोट ठेवलं. मग बाहेर रस्त्याच्या दगडाकडे बोट केलं.

"भाईसाहब, पत्थर पर भी किलोमीटर, मीटर पर भी किलोमीटर. आप मील का हिसाब क्यों कर रहे हैं? आप तो तीस मील पर चल रहे हैं!"

वीस वर्षं बाजारात काढली मी. खोटं नाणं मी आवाजावरून ओळखतो. पण ही तबकडी मी रोज डोळ्यांसमोर असून ओळखली नाही. मग राग आला आणि सगळा राग पायात उतरला. काटा ऐंशीवर गेला, म्हणजे खरा, मैलांचा पन्नास. साहेबांनी दाराची मूठ धरली. "धीरे! धीरे चलिए!" आधी हळू म्हणून ओरडले, आता जोरात म्हणून. मोठ्या साहेबांचं काय ते कळत नाही. इतके महिने डुलत चालायची सवय लागलेल्या गाडीला तो पन्नास पेलला नाही. चढावर बॉनेटखालून वाफ आली आणि गाडी बसली.

पुढच्या गावात ती बस बकऱ्या उतरवायला थांबली होती. साहेब बॅग घेऊन तिथवर चालत गेले आणि त्या बसमध्ये चढले. मी पाणी शोधत होतो.

भोंग्याच्या वेळेला ते फाटकावर पोचले नाहीत. नंतर परवानगी येईपर्यंत बाहेर उभे होते म्हणे. काम दुसऱ्या एका माणसाला गेलं. त्याच्या गाडीचं मीटर सुरूच होत नव्हतं.

मी थेट काकांच्या ओसरीवर गेलो. ते काचांवर चिकटवायला कागदाच्या पट्ट्या कापत बसले होते, सगळ्या एकसारख्या रुंद. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. सगळी गल्ली दाराशी आली. काका पट्टी कापत राहिले.

"एवढ्यानं काहून ओरडून राहिले शेठ? खोटं काय केलं मी, ते सांगा."

"पन्नास सांगितलं तुमच्या काट्यानं!"

"गाडी पन्नास किलोमीटर जात होती. काट्यानं पन्नास किलोमीटर सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. मी तपासला हाय. तळाशी लिहिलंही हाय. मराठीत लिहिलं, तुम्हाला वाचता यावं म्हणून."

"इतकं बारीक?"

"जागा तेवढीच होती."

"मग तोंडानं काहून सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलं नाही. तुम्ही म्हणाले, वरकड दिलं. मी म्हणालो, घ्या."

माझा हात उठला होता. काकूंनी आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्या त्याच हातात दिला. मग काकांनी पट्टी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलले. "वहिनी आल्या होत्या इथं. या ओसरीवर बसून रडल्या. म्हणाल्या, काका, काटा थोडा पुढं लावून द्या म्हणजे हे हळू चालवतील. हे चौघंही आले होते. मी म्हणालो, मी मेलो तरी खोटा काटा बसवणार नाही. तीन रात्री विचार केला. मग आठवलं, सरकारनं मैल बंद केले हायेत. खोटं बोलायची गरजच नाही."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी आजवर विसरलेलो नाही. मुलीच्या लग्नातही ते इतके खूश नव्हते.

जुनी तबकडी त्यांनी जपून ठेवली होती. "पाहिजे तर आत्ता बसवून देतो," म्हणाले. मी म्हटलं, बसवा. त्यांनी बसवली, तितक्याच निगुतीनं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली आणि भोंगा वाजला. कोणीच आलं नाही. फोर्जवाला सायकलवरून समोरून गेला. मी हाक मारली. तो म्हणाला, "भाऊ, डॉक्टरनं सायकल सांगितली हाय." त्याला कुठल्या डॉक्टरनं सायकल सांगितली हे मी अजून शोधतो आहे.

काका मात्र आले. येऊन पुढच्या सीटवर बसले. "सौद्यात सीट ठरली हाय," म्हणाले. मी त्यांना फॅक्टरीपर्यंत नेलं. काटा पन्नास मैलांवर धरला. उतरताना त्यांनी दार दोन्ही हातांनी धरलं, पण म्हणाले, "काटा बरोबर हाय." दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशीही. रिटायर होईपर्यंत आले. त्या गाडीत पुढे बसणारा तो एकच माणूस उरला होता. एवढं मी त्यांच्या बाजूनं लिहितो, कारण ते खरं आहे.

पण माझा दावा त्यानं फिटत नाही. इतक्या वर्षांत मला एकानंही नीट उत्तर दिलेलं नाही. बायकोला विचारलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणते, "तुम्ही रोज संध्याकाळी घरी आले ना?" हे काही उत्तर झालं काय? ते चौघं मला भेटले की नमस्कार करतात, लग्नाला बोलावतात, नातवंडं दाखवतात. तिचं मी समजू शकतो, ती बायकोच आहे. पण ही चार धडधाकट माणसं, दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आगीशी काम करणारी. माझ्या गाडीत बसून महिनोन्‌महिने "काय पळून राहिली!" म्हणत होती आणि घरी जाऊन हसत होती. भीती वाटत होती तर माझ्यासमोर उभं राहून सांगायचं होतं. मी ओरडलो असतो. ओरडलोच असतो. त्यानं काय झालं असतं? माणसाला त्याच्या तोंडावर सांगायचं सोडून त्याची तबकडी बदलायची, ही कुठली रीत?

काका गेले, त्यांना आता विचारता येत नाही. पण चौघांपैकी दोघं इथेच कांचघरात आहेत आणि हे वाचतील. फोर्जवाला तर नक्कीच वाचेल. माझं काम गेलं, फाटक गेलं, आणि तेही सगळ्या गल्लीला माहीत असून मला एकट्याला माहीत नसताना गेलं. त्याचा जबाब मला पाहिजे. संध्याकाळी मी ओसरीवरच बसलेला असतो. या दोघांनी यावं, समोर बसावं, आणि माझ्या डोळ्यात पाहून सांगावं की मला कोणी काहून सांगितलं नाही.